तरुणांच्या हाती किल्ली

आपली शिकलेली मुले बेटावर का टिकत नाहीत, हा प्रश्न आपल्या मंडळींच्या सभांतून दर वर्षी निघतो आणि दर वर्षी चहाबरोबर संपतो. कोणी म्हणते, इथे पगार कमी. कोणी म्हणते, परदेशची हवा लागली. एखादे नाना उठून संस्कारांची आठवण करून देतात. शेवटी तरुणांना उत्तेजन द्यावे असा ठराव होतो. उत्तेजन म्हणजे काय, हे त्या ठरावात लिहिलेले नसते. बहुधा एक ढाल, एक शाल आणि तीन भाषणे एवढाच त्याचा अर्थ निघतो.

पगाराचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारीत नाही. पण पगार कमी असूनही गावाला धरून राहणारी माणसे आपण पाहतो. त्यांना विचारावे, तर ती म्हणतात, "माझ्यावाचून तिथले अडते." ज्या मुलावाचून गावाचे काहीच अडत नाही, त्याने कोणासाठी राहावे? सार्वजनिक कामात तरुण हवे असतील, तर त्यांच्यावाचून अडेल असे काही काम, त्याच्या पैशांसकट आणि किल्लीसकट, त्यांच्या स्वाधीन केले पाहिजे. हे काही नवे तत्त्वज्ञान नाही. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरा शहरात, एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी हे करून दाखवले. पुढे त्याच माणसाचा धागा मुंबईपर्यंत आणि मालवणपर्यंत आला. म्हणून ती हकीकत आपल्या पानात सांगावीशी वाटते.

एडिनबरा मूळचे एका डोंगराच्या धारेवर वसलेले. पश्चिमेला खडकावर किल्ला, पूर्वेला होलीरूडचा राजवाडा, आणि दोहोंना जोडणारा एकच लांब रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद बोळ, आणि बोळांत उंचच उंच चाळी. एकेकाळी एकाच जिन्यावर न्यायाधीश, व्यापारी, शिंपी आणि पाणक्या राहत. मग १७६७ च्या सुमारास दरीपलीकडे नवे शहर बांधायला सुरुवात झाली. (त्यासाठी नगरपालिकेने जेम्स क्रेग नावाच्या विशीतल्या वास्तुकाराचा नकाशा पसंत केला होता, हेही जाता जाता ध्यानात ठेवण्याजोगे.) नवे शहर देखणे झाले. पण ऐपतदार घराणी एकामागून एक तिकडे निघून गेली आणि जुन्या शहरात उरले ते गरीब. एका खोलीत एक कुटुंब, पाण्याचे हाल, वर धुराचे काळे छत. २४ नोव्हेंबर १८६१ च्या रात्री हाय स्ट्रीटवरची एक जुनी चाळ कोसळली आणि ३५ माणसे ठार झाली. त्यानंतर कुठे शहराने स्वतःचा आरोग्य अधिकारी नेमला. शहराला पुढाऱ्यांचा तोटा नव्हता, पण पुढारी दरीपलीकडे राहत. जिथे चाळ पडली, तिथे त्यांच्यापैकी कोणाचे दार नव्हते.

अशा वस्तीत १८८६-८७ च्या सुमारास पॅट्रिक गेडीस हा तिशीतला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक नवविवाहित पत्नीला घेऊन राहायला गेला. पत्नी ॲना मॉर्टन ही लिव्हरपूलच्या खात्यापित्या व्यापारी घरातली. लॉनमार्केट भागातल्या जेम्स कोर्ट ह्या कळकट वाड्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. समाजसेवा करायला सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी माणसे त्या काळीही पुष्कळ होती. ह्या दोघांनी तिथेच संसार मांडला, शेजाऱ्यांना जोडीला घेऊन भिंतींना चुना लावला, अंगण झाडले, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. त्यांची थोरली मुलगी नोरा १८८७ साली जन्मली आणि ह्या जुन्या शहराच्या सान्निध्यात वाढली. तिचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

गेडीसचे खरे कसब मला दिसते ते विद्यार्थ्यांच्या बाबतीत. एडिनबरा विद्यापीठात त्या काळी वसतिगृहे नव्हती. मुले शहरभर भाड्याच्या खोल्यांत एकेकटी राहत, परीक्षा देत आणि पदवी खिशात घालून निघून जात. शहराचा आणि त्यांचा संबंध घरमालकिणीपुरता. गेडीसने १८८७ साली जुन्या शहराच्या कडेला, माउंड प्लेस इथे, मूठभर विद्यार्थ्यांसाठी पहिले घर उघडले. त्या घरावर अधीक्षक नेमला नाही. नवा मुलगा घ्यायचा की नाही, खर्च कसा वाटायचा, नियम कोणते, हे सारे राहणाऱ्यांनीच ठरवायचे. पुढे दहा-बारा वर्षांत अशी आणखी घरे झाली. काही जुनी मोडकी घरे दुरुस्त करून घेतली, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्से गार्डन ही तांबड्या-पांढऱ्या रंगाची वस्ती १८९० नंतरच्या चार-पाच वर्षांत उभी राहिली. जे दरीपलीकडे गेले होते, त्यांच्यातली शिकलेली तरुण पिढी अशा रीतीने पुन्हा गरिबांच्या शेजारी आली. रोज त्याच बोळातून जायचे, तर बोळाची घाण पायाला लागते, आणि ती काढावीशी वाटते.

मग १८९२ साली त्याने किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. आउटलुक टॉवर हे त्याचे नाव. माथ्यावर काळोख्या खोलीत भिंग आणि आरसा बसवलेला, आणि खालच्या पांढऱ्या मेजावर सबंध शहराचे जिवंत चित्र पडते: रस्त्यातली माणसे, गाड्या, धूर. पाहुण्याला प्रथम वर चढवायचे आणि मग एकेक मजला उतरवायचा. वरच्या मजल्यावर एडिनबरा, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि अगदी तळाला जग. आधी आपले गाव, मग जग, असा तो जिना होता. आपल्याकडे जिना उलटा आहे. आपल्या मुलांना पॅरिसची भुयारी रेल्वे तोंडपाठ असते, आणि आपल्या गल्लीतले गटार पुढे कोणत्या ओढ्याला मिळते, हे विचारले तर बाप आणि मुलगा दोघेही एकमेकांकडे बघतात.

आता नोराची गोष्ट. ह्या मनोऱ्यातर्फे मोकळ्या जागांसाठी एक समिती झाली. जुन्या शहरात पडक्या घरांच्या जागा, उकिरडे, कोपरे, असे सत्तरच्या वर तुकडे मोजणीत निघाले. एकूण जमीन भरली सुमारे दहा एकर. इतक्या दाटीच्या वस्तीत दहा एकर जमीन कचऱ्याखाली पडून होती आणि कोणाच्या ध्यानात आले नव्हते! ह्या तुकड्यांच्या बागा करण्याच्या कामात नोरा पुढे होती. तेव्हा ती विशीत होती. आराखडे तिने काढले, आसपासची मुले आणि बाया कामाला लावल्या, झाडे निवडली. १९१० च्या आगेमागे अशा अनेक छोट्या बागा उघडल्या, आणि त्यांतली वेस्ट पोर्टची बाग आजही आहे. बाप प्रसिद्ध होता म्हणून मुलीला काम मिळाले, असे कोणी म्हणेल. मिळाले असेल. पण आपल्याकडे बाप प्रसिद्ध असला की मुलीला व्यासपीठावर गुच्छ द्यायला उभी करतात. उकिरड्याचा नकाशा आणि मजुरीचा हिशेब तिच्या हाती देत नाहीत.

गेडीस हा काही देवमाणूस नव्हता. एक काम अर्धे टाकून दुसरे धरायचे ही त्याची खोड, आणि पैशाच्या बाबतीत तर तो अगदी कच्चा. घरे घेता घेता कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा १८९६ साली हितचिंतकांनी एक मंडळी स्थापून घरांचा कारभार तिच्याकडे घेतला. जाणत्या माणसांनी कर्ज आवरले, हिशेब लावला आणि घरे मात्र चालू ठेवली. वडीलधाऱ्यांचे काम कोणते, असे आपण विचारतो, त्याचा हा चांगला नमुना आहे.

हाच गेडीस १९१४ साली हिंदुस्थानात आला. त्याचे शहरांविषयीचे प्रदर्शन ज्या जहाजात होते, ते जर्मन एमडेनने बुडवले. तरी माणूस खचला नाही, पुन्हा चित्रे जमवून त्याने प्रदर्शन भरवले. त्याने पुढे देशातल्या कितीतरी शहरांच्या पाहण्या केल्या. आपल्याला जवळचे त्यांतले होळकरांचे इंदूर. तिथे प्लेगचे भय होते. गेडीसने दिवाळीची मिरवणूक योजली, आणि जाहीर केले की जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ होईल, त्याच्या रस्त्याने मिरवणूक जाईल. लोकांनी आपण होऊन घरे झाडली, डागडुजी केली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर काढल्या. मिरवणुकीत झाडूवाल्यांना स्वच्छ कपड्यांत, फुलांनी सजवून मानाने चालवले, आणि घरोघर तुळशीची रोपे वाटली. सरकारी हुकमाने जे झाले नसते, ते मोहल्ल्यामोहल्ल्याच्या अभिमानाने झाले. (२०१७ पासून पुढे अनेक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचे नाव येत राहिले. गेडीसमुळे, असे मी म्हणत नाही. पण योगायोग गोड आहे.)

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्याला नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र ह्या विषयांचा प्राध्यापक नेमले. तिथे त्याच्यासमोर मालवणचा एक संस्कृत शिकलेला तरुण आला, गोविंद सदाशिव घुर्ये. परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवड करायची होती. घुर्यांनी निबंध लिहिला तो मुंबई शहरावर, म्हणजे ज्या शहरात ते राहत होते त्याच शहरावर. गेडीसने त्यांची निवड केली. ते आधी लंडनला आणि मग केंब्रिजला गेले, १९२२ साली डॉक्टरेट झाली, आणि ते परत आले. १९२४ साली गेडीस मुंबई सोडून गेला आणि विभागाची सूत्रे तिशीतल्या घुर्यांकडे आली. १९५९ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षय रमणलाल देसाई अशी माणसे त्यांच्या हाताखाली तयार झाली. गंमत अशी की घुर्यांनी गेडीसचा कित्ता मुळीच गिरवला नाही, त्यांची वाट निराळी होती. जबाबदारी देताना "माझ्यासारखाच हो" ही अट कोणी घातली नव्हती.

घुर्ये पुढारी नव्हते, विद्वान होते, हे खरे. पण परत येण्याचा प्रश्न दोघांनाही सारखाच. मालवणचे ते किनारे आणि आपले आजे-पणजे ज्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या बाजूने बोटीत चढले ते किनारे एकच. घुर्यांच्या हातात जाताना शिष्यवृत्ती होती आणि परतल्यावर काम होते. आपल्या मुलांना जाताना हार घालतो आणि परतल्यावर विचारतो, "आता पुढे काय?"

पुण्यातही हीच रीत होती. न्यायमूर्ती रानड्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम सोपवले, तेव्हा गोपाळराव गोखले विशीत होते. पुढे तेच पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

एडिनबराने मात्र आपला धडा स्वतः किती लक्षात ठेवला? थोडा ठेवला, थोडा विसरले. तिथल्या विद्यापीठात रेक्टर नावाचे एक पद आहे. तो विद्यापीठाच्या कार्यकारी सभेचा अध्यक्ष असतो आणि त्याला विद्यार्थी आणि कर्मचारी निवडून देतात. बहुधा कोणी बडे नाव निवडले जाई. १९७२ साली विद्यार्थ्यांनी आपल्यातल्याच एका एकवीस वर्षांच्या मुलाला निवडले. वयाने दुप्पट-तिप्पट असलेल्या गृहस्थांच्या सभेत तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, भांडला, वाद घातला आणि तीन वर्षे ते पद सांभाळले. त्याचे नाव गॉर्डन ब्राउन. २००७ साली तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. मग १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने सोळा वर्षांच्या मुलांना मत दिले, आणि सोळा-सतरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलामुलींनी नावे नोंदवली. २०१५ च्या कायद्याने हा हक्क तिथल्या संसदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडणुकांसाठी कायम झाला. नगरसेवकपदासाठी उभे राहण्याचे वय त्याआधीच, २००४ च्या कायद्याने, एकविसावरून अठरावर आणले होते.

पण मत दिले, तरी छप्पर कुठे आहे? जुन्या शहरातली कितीतरी घरे पर्यटकांना आठवडाभरासाठी दिली जाऊ लागली. ती आवरण्यासाठी २०२२ साली शहराने नियंत्रणाचे नियम आणले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये नगरपालिकेने घरांच्या टंचाईबाबत आणीबाणी जाहीर केली. गेडीसने ज्या रॅम्से गार्डनमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक आणून ठेवले, तिथे आज बेताच्या पगाराच्या तरुण शिक्षकाने घर घेण्याची गोष्टच नको. त्याचा मनोरा आता भ्रमाचे खेळ दाखवणारे करमणुकीचे ठिकाण झाला आहे. तरुणाला शहरात ठेवायचे तर त्याला परवडणारी खोलीही ठेवावी लागते. ग्रां-बे आणि फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावरचे भाव ज्यांनी अलीकडे विचारले असतील, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आपल्या बेटाला ही विद्या अपरिचित नाही. १९४० नंतरच्या काळात वासुदेव विष्णुदयाल ह्यांच्या चळवळीत शेकडो तरुण गावोगावच्या बैठकांतून रात्री शिकवीत असत. कोणत्याही मान्य भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत, असा नियम झाला, तेव्हा ऊस तोडून आलेल्या माणसांना ह्या पोरांनी कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायला लावली. मतदार सुमारे बारा हजार होते, ते १९४८ च्या निवडणुकीत सत्तर हजारांच्या वर गेले. कोणत्या पुढाऱ्याने त्या पोरांना ढाल दिली होती? त्यांच्याकडे एक खोली होती, एक कंदील होता, आणि त्यांच्यावाचून अडणारी माणसे समोर बसली होती. पुढे २० मे १९७५ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मताचे वय एकविसावरून अठरावर आले.

आणि आता? पाचही शहरांच्या नगरपालिकांची निवडणूक जून २०१५ मध्ये झाली, त्यानंतर एकदम ४ मे २०२५ ला. मधली मुदतवाढ कोणत्या सरकारने किती दिली ह्यात मी शिरत नाही. हिशेब एवढाच करा: जो मुलगा किंवा मुलगी २०१५ च्या मतदानानंतर महिन्याभराने अठरा वर्षांची झाली, तिला वाक्वात किंवा कात्र बोर्नमध्ये नगरपालिकेसाठी पहिले मत द्यायला जवळजवळ अठ्ठाविसावे वर्ष उजाडावे लागले. तोवर ती शिकून, नोकरी धरून, कदाचित कॅनडाला पोचलेली. मतदानाच्या दिवशी निम्मे लोकही आले नाहीत, म्हणून तरुणांना नावे ठेवणे सोपे आहे. ज्या दाराला दहा वर्षे कुलूप होते, ते उघडल्यावर आत गर्दी होईल ही अपेक्षा कोणी केली?

सरकारचे दार आपल्या हातात नाही. मंडळीचे आहे. आपल्या मंडळींत युवक विभाग असतात, आणि चतुर्थी आली की त्यांची आठवण होते. मंडप बांधायला, खुर्च्या मांडायला, झाकरीला आणि विसर्जनाच्या दिवशी गाड्या आवरायला तरुण लागतात. हिशेबाची वही, बँकेचे पुस्तक आणि सभागृहाची किल्ली मात्र काकांच्या कपाटात. एका मंडळीत तर युवक विभागाच्या अध्यक्षाचे वय पन्नासच्या पुढे गेलेले पाहिले आहे. नावे कशाला सांगू!

माझी सूचना साधी आहे. येत्या वार्षिक सभेत खजिनदार किंवा चिटणीस, दोहोंपैकी एक जागा तिशीच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला द्यावी, आणि चेकवर दुसरी सही जाणत्याची ठेवावी, म्हणजे पैशाची भीतीही नको. एखादे काम सबंध तोडून द्यावे. संध्याकाळचा मराठी वर्ग घ्या, सभागृहामागची पडीक जागा घ्या, नाही तर वाचनालय. वर्षाची रक्कम एकदम हाती द्यावी आणि वर्षाने हिशेब मागावा, दर महिन्याला नव्हे. वर्ग कुठे भरवायचा, कोणाला बोलवायचे, मराठीबरोबर क्रिओलमध्ये समजावायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. आपल्याला ते पटणार नाही, तरी गप्प बसावे. (हे सर्वांत अवघड.) आणि गावाची एक पाहणी त्यांच्याकडून करून घ्यावी: बंद दिवे, तुंबलेली गटारे, एकटे राहणारे म्हातारे, बस न थांबणारे थांबे. ती घेऊन नगरपालिकेत किंवा ग्रामसभेत त्यांनीच जावे. आपण फार तर मागच्या बाकावर बसावे.

परदेशी शिकायला गेलेल्यांचेही तसेच. जाताना एक काम नावावर लिहून ठेवावे, मग ते परतून करो की तिथून पत्रव्यवहाराने करो. जे परतणार नाहीत ते नाहीत, त्यांना शाप देण्यात अर्थ नाही. पण जो परतेल, त्याला विमानतळावरून घरी आल्यावर आठवड्याच्या आत कोणीतरी विचारले पाहिजे की वाचनालयाच्या कपाटाची किल्ली तू घेशील का.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की मुले चुका करतील. करतील. पहिल्या वर्षी वर्गणीचा हिशेब जुळणार नाही, मंडप वाकडा होईल, कोणाचे तरी नाव पत्रिकेत राहून जाईल आणि त्यावरून रुसवेफुगवे होतील. आपल्या वेळी झाले नव्हते काय? चतुर्थीला अजून अवकाश आहे. वर्गणीची वही यंदा कोणाकडे द्यायची, हे ठरवायला एक बैठक पुरेशी आहे.